नाक खुपसणारी आणि नाक उचलणारी बले: वेगवान आरसी एअरबोटीची रचना

प्रश्नकर्त्याची एअरबोट, म्हणजे हवेतल्या पंख्याने पाण्यावर पळणारी रिमोट कंट्रोलची (आरसी) बोट, अशी आहे: ६० सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद सपाट तळ, एक्सपीएस (कडक पॉलिस्टायरीन) फोमवर फायबरग्लास, मागे खांबावर ए२२१२ जातीची २२०० केव्हीची (बिनभार असताना दर व्होल्टला मिनिटाला २२०० फेऱ्यांची) ब्रशलेस मोटर, तिला ६×४ चा पंखा (६ इंच व्यास आणि ४ इंच पिच, म्हणजे एका फेरीत हिशेबाने पुढे सरकण्याचे अंतर), ३एस (तीन सेलची) २२०० एमएएच लिपो बॅटरी, आणि एकूण वजन सुमारे ९०० ग्रॅम. थ्रॉटल एकदम पूर्ण दिला की बोट नाक पाण्यात खुपसते. थ्रॉटल हळूहळू वाढवला तर ती छान वेग घेते, पण समोरून झुळूक आली किंवा थ्रॉटल अचानक सोडला की नाक वर उचलून मागच्या मागे पलटते. ताशी ७० किलोमीटर गाठण्यासाठी काय बदलावे आणि ४एस बॅटरी लावावी का, असे त्यांनी विचारले आहे.

नाक खुपसणे आणि मागे पलटणे हे दोन स्वतंत्र दोष आहेत असे समजून बहुतेक जण पहिल्यासाठी बॅटरी मागे सरकवतात. त्यामुळे दुसरा दोष वाढतो, म्हणून बॅटरी पुन्हा पुढे येते, आणि अखेर कंटाळून मोटरच बदलली जाते. वास्तविक हे दोन्ही एकाच हिशेबाचे दोन टोकांचे आकडे आहेत. एअरबोटीत रेटा वर लागतो आणि पाण्याचा रोध खाली लागतो, त्यामुळे सुरुवातीला नाक खाली दाबले जाते. वेग वाढला की रेटा कमी होतो आणि सपाट तळाखाली शिरणारी हवा नाक वर उचलू लागते. वेगवान एअरबोट रचणे म्हणजे या दोन परिबलांमधली (बोट फिरवू पाहणाऱ्या परिणामांमधली) जागा रुंद करणे. मोटरची ताकद हा त्यानंतरचा विषय आहे, आणि या बोटीत ती ताकद आजही पुरेशी आहे.

आकडे मांडून पाहू. २२०० केव्हीची मोटर ३एसवर ६×४ चा पंखा मिनिटाला साधारण १८,००० फेऱ्यांनी फिरवते. त्या फेऱ्यांना उभ्या जागी सुमारे ६.७ न्यूटन, म्हणजे ६८० ग्रॅमच्या आसपास रेटा मिळतो आणि पंख्याला सुमारे १४५ वॅट लागतात. मोटरचा अक्ष तळापासून १४ सेंटिमीटर उंच आहे असे धरू, कारण पंख्याची त्रिज्या, डेकची जाडी आणि मधली मोकळी जागा मिळून तेवढे होतेच. वेग घेताना या रेट्याचा काही भाग तळाशी पाण्याच्या रोधाशी झगडतो आणि उरलेला गुरुत्वमध्यापाशी बोटीच्या जडत्वाशी, म्हणून परिणामी अंतर १२ सेंटिमीटर धरले तर नाक दाबणारे परिबल ०.८ न्यूटन-मीटर येते. बोटीचे वजन ८.८ न्यूटन. एकाला दुसऱ्याने भागले की ९ सेंटिमीटर हे उत्तर मिळते, आणि याचा अर्थ असा की पूर्ण थ्रॉटल देताच पाण्याचा आधार गुरुत्वमध्याच्या ९ सेंटिमीटर पुढे मिळाला पाहिजे.

आता प्लेनिंग करणाऱ्या, म्हणजे वेगात पाण्यावर उचलून घसरत धावणाऱ्या, सपाट तळाचा स्वभाव लक्षात घ्यावा. पाण्याचा दाब भिजलेल्या भागाच्या मधोमध नसतो. तो पुढच्या बाजूला, मागच्या कडेपासून मोजल्यास भिजलेल्या लांबीच्या सुमारे तीन चतुर्थांशावर एकवटतो. गुरुत्वमध्य मागच्या कडेपासून २५ सेंटिमीटरवर असेल तर आधार ३४ सेंटिमीटरवर हवा, आणि त्यासाठी ४५ सेंटिमीटर तळ भिजला पाहिजे. ६० सेंटिमीटरच्या बोटीत सरळ तळ जेमतेम तेवढाच असतो. म्हणजे शिल्लक काहीच राहत नाही, आणि पहिल्याच लाटेला नाक आत जाते. गुरुत्वमध्य १८ सेंटिमीटरवर आणला तर ३६ सेंटिमीटर भिजलेला तळ पुरतो आणि पुढे बराच कोरडा भाग राखीव राहतो. म्हणून अशा बोटीत गुरुत्वमध्य मागच्या कडेपासून लांबीच्या ३० ते ३३ टक्क्यांवर ठेवावा, असे माझे मत आहे. त्याहून मागे नेला की बोट बेडकासारखी उड्या मारत पळू लागते.

वेग आल्यावरचे चित्र वेगळे असते. सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाला त्याच पंख्याचा रेटा साधारण ४.२ न्यूटनपर्यंत उतरतो. त्यातले दीड न्यूटन पाण्याच्या रोधाशी आणि उरलेले हवेच्या रोधाशी खर्च होतात, आणि हवेचा रोध तळापेक्षा बराच वर लागत असल्यामुळे तो नाक दाबणारे परिबल आणखी कमी करतो. सुरुवातीचे ०.८ न्यूटन-मीटर इथे ०.४ वर आलेले असते. त्याच वेळी ६० गुणिले २५ सेंटिमीटरचा तळ हा एक आखूड, रुंद पंख बनलेला असतो. बोट चार अंशांनी पळत असताना त्याची उचल फारशी जाणवत नाही. पण एखाद्या लाटेने ती सात-आठ अंशांवर गेली की याच वेगाला सुमारे साडेतीन न्यूटन उचल मिळते, आणि ती उचल गुरुत्वमध्याच्या २४ सेंटिमीटर पुढे लागते. हे झाले ०.८४ न्यूटन-मीटर, नाक उचलणारे. त्याला तोलण्यासाठी पाण्याचा आधार मागच्या कडेकडे सरकतो, पण कडेच्या मागे तो सरकू शकत नाही. आधार कडेपर्यंत पोचला की पुढची झुळूक बोट उलटवते. प्रश्नात वर्णन केलेले पलटणे नेमके हेच आहे. थ्रॉटल सोडल्यावर तर नाक दाबणारा रेटा क्षणात नाहीसा होतो आणि वाऱ्याने फिरणारा पंखा उलट वरच्या उंचीवरून ब्रेकसारखा मागे ओढू लागतो, म्हणून बोट नेमकी त्याच क्षणी उचलते.

यावरचा पहिला आणि सर्वांत फायद्याचा उपाय म्हणजे मोटरचा अक्ष खाली आणणे. बोटीच्या मागच्या १५ सेंटिमीटरमध्ये डेकची उंची कमी करावी, म्हणजे पंखा ३ सेंटिमीटर खाली बसतो. एवढ्यानेच सुरुवातीचे परिबल पाव भागाने घटते. पंख्याच्या पुढे डेकचा उतार मात्र हळुवार असावा. तिथे उभी पायरी राहिली तर पंख्याच्या खालच्या अर्ध्या भागाला गढूळ हवा मिळते, रेटा कमी होतो आणि आवाज खरखरीत येतो. दुसरा उपाय मोटर तीन अंश कलवण्याचा आहे. मोटरची रेषा पुढे जाताना खाली उतरेल, म्हणजेच पंख्याची हवा मागे जाताना किंचित वर जाईल, असा हा कल असावा. पंखा गुरुत्वमध्याच्या १८ सेंटिमीटर मागे असेल तर तीन अंशांनी रेट्याची रेषा गुरुत्वमध्याच्या जवळजवळ एक सेंटिमीटर जवळ येते. हा फायदा माफक आहे, पण तो दोन वॉशरांच्या किमतीत मिळतो. कल उलट्या बाजूला दिलेल्या बोटी मी अनेकदा पाहिल्या आहेत, म्हणून मोटर घट्ट करण्यापूर्वी तिच्या अक्षात एक सरळ काडी बसवून ती पुढे नेली असता कुठे जाते ते डोळ्यांनी तपासावे.

तिसरा उपाय आडव्या शेपटीचा. विमानाच्या शेपटीसारखी एक आडवी फळी पंख्यामागच्या दोन्ही रडरांच्या (सुकाणूंच्या) वरच्या किंवा मधल्या भागाला जोडली की दोन कामे होतात, आणि ती दोन कामे फळीचे वेगवेगळे भाग करतात. पंख्याच्या झोतात असलेला मधला भाग बोट उभी असतानाही काम करतो, कारण झोत तेव्हाही असतो. तो पुढची कड खाली करून तीनेक अंशांवर ठेवला की मागचा भाग खाली दाबून नाक वर ठेवतो, आणि रेटा जेवढा जास्त तेवढा हा दाबही जास्त असतो. झोताच्या बाहेर जाणारी दोन टोके मात्र बोटीच्या वेगावर चालतात. नाक उचलले गेले की ती टोकेही बोटीबरोबर कलतात आणि मागची बाजू उचलून नाक परत खाली आणतात. पंख्याचा झोत हवेला स्वतःच्या दिशेने वळवत असल्यामुळे मधल्या भागाकडून हे स्थैर्य फारसे मिळत नाही. म्हणून ही फळी पंख्याच्या व्यासापेक्षा रुंद हवी. १५ सेंटिमीटरच्या पंख्यामागे २८ ते ३० सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर खोल फळी योग्य ठरते, आणि टोके तळाला समांतर ठेवावीत. फळी रुंद असल्याने ती काठावर आदळू शकते, तेव्हा ती ३ मिलिमीटर बाल्साची करून नायलॉनच्या स्क्रूंनी बसवावी, म्हणजे धक्का बसला तर स्क्रू तुटेल आणि रडर वाचतील.

चौथी गोष्ट तळाच्या क्षेत्रफळाची. पाण्यावर धावताना पुढचे १५ सेंटिमीटर बहुतेक वेळ हवेत असतात, आणि नाक उचलण्यात सर्वांत मोठा वाटा त्यांचाच असतो. बोटीचा वरून दिसणारा आकार पुढे निमुळता करून टोकाशी १२ सेंटिमीटर रुंद ठेवला तर ही उचल लक्षणीय कमी होते. डेक सपाट असावा. गोलसर, फुगीर डेक दिसायला डौलदार असतो, पण सपाट तळावर फुगीर डेक म्हणजे विमानाच्या पंखाचाच छेद झाला, आणि तो नको तिथे उचल देतो.

तळाच्या कारागिरीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण वेगाचा मोठा हिस्सा इथे हरवतो आणि तो कोणत्याही मोटरने परत येत नाही. मागची कड आणि बाजूच्या खालच्या कडा चाकूसारख्या काटकोनी हव्यात. फायबरग्लासचे कापड कडेवरून नीट वळावे म्हणून आपण फोमची कड घासून गोल करतो, आणि तिथेच घात होतो. गोल कडेवरून जाणारे पाणी सुटत नाही. ते वळून मागच्या उभ्या फळीवर चढते, तिथे चिकटून राहते आणि कमी दाब निर्माण करून बोटीचा मागचा भाग खाली खेचते. बोट अर्ध्या वेगाने पळवून बाजूने पाहिले तर मागची फळी ओली राहते की कोरडी, हे स्पष्ट दिसते. कोरडी दिसली पाहिजे. त्यासाठी कापड बसवल्यावर कडेला चिकटपट्टीचा बांध घालून त्यात मायक्रोबलून (बारीक पोकळ गोळ्यांची भुकटी) किंवा टाल्कम पावडर मिसळलेल्या इपॉक्सीची कड भरावी आणि ती सुकल्यावर सपाट ठोकळ्यावर गुंडाळलेल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने काटकोनात घासावी.

त्यानंतर ३० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी तळावर, मागच्या कडेपासून लांबीच्या दिशेने उभी धरावी आणि पलीकडे दिवा ठेवावा. पट्टीच्या मधोमध खालून उजेड दिसला तर तळ आत वाकलेला आहे, आणि अशी बोट वेगात नाक दाबते. टोकांपाशी उजेड दिसला तर तळ बाहेर फुगलेला आहे, आणि अशी बोट उड्या मारते. मागच्या २५ सेंटिमीटरमध्ये अर्धा मिलिमीटर फरकही धावण्यात जाणवतो. फोमवर एकाच बाजूने कापड लावले की इपॉक्सी सुकताना फोम वाकतो, म्हणून तळ आणि डेक दोन्ही बाजूंचे कापड एकाच बैठकीत लावून, सपाट काचेवर वजन ठेवून सुकवणे हाच मार्ग आहे. पावसाळी दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. पुढचा हात देण्याआधी तो साबणाच्या पाण्याने धुऊन काढावा, नाहीतर वरचा थर सोलपटासारखा सुटतो. एक्सपीएसवर पॉलिएस्टर रेझिन कधीही वापरू नये, ते फोम विरघळवते. साधा सुपरग्लूही तेच करतो.

वजनाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. ५० ग्रॅम प्रति चौरस मीटरचे कापड तेवढ्याच वजनाचे इपॉक्सी पिते, म्हणजे या बोटीच्या संपूर्ण पृष्ठभागावर एक थर ३८ ते ४० ग्रॅमचा होतो. तळाला दोन थर, बाकी सगळीकडे एक थर, आणि जादा रेझिन जुन्या कार्डाने ओढून काढलेले, अशी बोट ७०० ग्रॅममध्ये सहज होते. सुरुवातीच्या वेगासाठी हे उत्तमच आहे. परंतु ताशी ७० किलोमीटरच्या पुढे हवेची उचल बोटीच्या वजनाशी बरोबरी करू लागते, आणि तिथे फार हलकी बोट पाण्यावर टिकत नाही. म्हणून ढाचा हलका करावा आणि वाचलेल्या वजनातले थोडे, योग्य जागी ठेवता येणाऱ्या बॅटरीच्या रूपाने परत घ्यावे. एकूण ७५० ते ८०० ग्रॅम हा या मापाच्या बोटीला रास्त आकडा आहे.

बॅटरीची आडवी जागाही मोजूनच ठरवावी. मागून पाहताना पंखा घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर बोट उलट दिशेने, म्हणजे डावीकडे दाबली जाते. १४५ वॅट आणि १८,००० फेऱ्यांना हा टॉर्क ०.०७७ न्यूटन-मीटर येतो, आणि १८० ग्रॅमची बॅटरी मध्यरेषेपासून साडेचार सेंटिमीटर उजवीकडे ठेवली की तो पूर्ण तोलला जातो. तितकेच वॅट १० इंची पंख्याने ७,००० फेऱ्यांना वापरले तर टॉर्क ०.२ न्यूटन-मीटर होतो आणि बॅटरी बोटीच्या बाहेर टांगावी लागेल. लहान, जलद पंख्याचा हा फायदा सहसा कोणी सांगत नाही. पूर्ण मापाच्या काही एअरबोटींमध्ये याच कारणाने गिअरबॉक्सवर उलट-सुलट फिरणाऱ्या दोन पंख्यांची जोडी वापरतात.

पंख्याच्या निवडीत उभ्या जागचा रेटा मोजून निर्णय घेणे ही सर्वांत सामान्य गल्लत आहे. दहा इंची ४.५ पिचचा पंखा कमी वॅटमध्ये जास्त रेटा देतो, वजनकाट्यावर तो सुंदर दिसतो. पण १००० केव्हीच्या मोटरवर ८,००० फेऱ्यांना त्याचा पिच वेग सेकंदाला सव्वापंधरा मीटर, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर येतो, आणि त्या वेगाजवळ त्याचा रेटा जवळजवळ संपतो. पिच इंचात घेऊन २.५४ ने गुणावे, मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे आणि ६,००० ने भागावे, म्हणजे सेकंदाला मीटरमध्ये पिच वेग मिळतो. ६×४ ला १८,००० फेऱ्यांना तो ३०.५ मीटर, म्हणजे ताशी ११० किलोमीटर आहे. चांगली बोट पिच वेगाच्या ६५ ते ७५ टक्के गाठते. याचाच अर्थ, सध्याच्याच मोटरवर आणि सध्याच्याच पंख्यावर ताशी ७० किलोमीटर शक्य आहेत. पातळ, स्लो फ्लायर जातीचे पंखे एअरबोटीला लावू नयेत. एपीसी कंपनी त्यांच्यासाठी ६५,००० भागिले इंचातला व्यास एवढीच फेऱ्यांची मर्यादा देते, म्हणजे सहा इंचांना ११,००० देखील नाही. आणखी एक गोष्ट: पंखा मोटरच्या मागे असला तरी पात्यांवरची अक्षरे बोटीच्या पुढच्या दिशेलाच असली पाहिजेत. पंखा उलटा बसवून फेऱ्यांची दिशा बदलली तरी बोट पुढे जाते, पण रेटा खूप कमी मिळतो आणि दोष मोटरला दिला जातो.

हवेच्या रोधाकडे आरसी बोटवाल्यांचे सहसा दुर्लक्ष होते, कारण पाण्यातल्या पंख्याच्या बोटीत तो दुय्यम असतो. इथे तो पाण्याच्या रोधाहून मोठा आहे. पंख्याभोवतीची जाळी ३ मिलिमीटरच्या तारेची आणि एकूण दोन मीटर लांबीची असेल तर ताशी ७२ किलोमीटरला तीच एकटी दीड न्यूटन खाते. गोल तारेचा रोध त्याच जाडीच्या, विमानाच्या पंखासारखा छेद असलेल्या पट्टीच्या सुमारे दहापट असतो. तरीही जाळी काढून टाकणे हा उपाय नाही आणि मी तो कोणालाही सुचवणार नाही: १८,००० फेऱ्यांना पात्याचे टोक ताशी ५०० किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत असते आणि ते हाताचे बोट तोडू शकते. जाळी दीड मिलिमीटरच्या पियानो वायरची करावी, उभे खांब चपट्या बाल्साला निमुळता आकार देऊन मोटरच्या खांबातच सामावून घ्यावेत, आणि वायरिंग त्याच्या आतून न्यावे. ईएससी (मोटरचा वेग नियंत्रक) मोटरच्या थोडा पुढे, पंख्याकडे ओढल्या जाणाऱ्या हवेत ठेवावा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद डब्यातला ईएससी तापून मधेच बंद पडतो. या मोटरचा पूर्ण थ्रॉटलचा प्रवाह सुमारे १८ अँपिअर आहे, म्हणून ४० अँपिअरचा ईएससी आणि सलग पाच मिनिटांहून कमी धाव हे गणित सुरक्षित बसते.

पाण्याचे तुषार हाही पंख्याचा शत्रू आहे. बाजूच्या कडेखालून उडणारे पाणी पंखा आत ओढतो, फेऱ्या क्षणभर पडतात आणि पात्याची पुढची कड खडबडीत होत जाते. तळाच्या दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटर रुंदीची, किंचित खाली वळलेली पट्टी पुढच्या दोन तृतीयांश लांबीवर चिकटवली की पाणी बाहेरच्या बाहेर फेकले जाते.

आता वळण. एअरबोटीला पंख्याच्या झोताशिवाय दिशा नसते, त्यामुळे थ्रॉटल सोडून वळवणे शक्य नाही आणि ब्रेकही नाही. झोताच्या मध्यभागी, हबच्या (पंख्याच्या मधल्या गाभ्याच्या) मागे हवा मंद असते, म्हणून एका मोठ्या मधल्या रडरपेक्षा हबच्या दोन बाजूंना एकेक असे दोन रडर चांगले; पंख्याच्या मागे चार सेंटिमीटरवर, प्रत्येकी १५ सेंटिमीटर उंच आणि ५ सेंटिमीटर रुंद. हालचाल ३० अंशांपेक्षा जास्त देऊ नये, कारण त्यापुढे रडर हवा वळवत नाही, फक्त अडवतो. रडर उंच असला की त्याचे बल गुरुत्वमध्याच्या वर लागते आणि बोट वळणाच्या बाहेरच्या बाजूला झुकते. बाहेरची कड पाण्यात अडकते आणि बोट कोलांटी खाते. म्हणून रडर डेकपर्यंत खाली उतरलेले असावेत, आणि बाहेरच्या कडेचा वरचा भाग, तळाच्या धारेच्या थोडा वरून, ४५ अंशांनी तासलेला असावा. तळाला गुरुत्वमध्याच्या जरा मागे, दोन्ही बाजूंना, ८ ते १० मिलिमीटर खोल आणि १० सेंटिमीटर लांब अशा दोन पातळ पट्ट्या लावल्या की घसरणे आटोक्यात येते. त्या गुरुत्वमध्याच्या पुढे नेल्या तर बोट स्वतःभोवती फिरते. त्या जास्त खोलही करू नयेत, कारण आपल्या तलावांमध्ये एअरबोट चालवण्याचे मोठे कारण जलपर्णी आणि शेवाळ हेच आहे. पाण्यातल्या पंख्याची बोट जिथे दोन मिनिटांत गुंडाळली जाते तिथे ही तरंगत्या वेलीवरूनही घसरत निघून जाते, आणि खोल पट्ट्या लावून तो गुण घालवू नये.

पहिल्या चाचणीला वारा नसलेली सकाळ निवडावी आणि तलावाची व्यवस्था ज्यांच्याकडे आहे त्यांची परवानगी घ्यावी. ज्या काठावर लोक पोहतात किंवा कपडे धुतात तिथे जाऊ नये. रिसीव्हरचा फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर आपोआप लागू होणारी स्थिती) थ्रॉटल शून्यावर ठेवून, ट्रान्समीटर बंद करून, पंखा काढलेल्या अवस्थेत तपासावा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यालगत फार लवकर क्षीण होतात, म्हणून अँटेना डेकच्या वर दहा सेंटिमीटर उभा असावा, आणि कार्बन फायबरच्या खांबाला चिकटलेला नसावा. ट्रान्समीटरमध्ये थ्रॉटलचा वेग कमी करण्याची सोय असेल तर शून्यावर येण्यासाठी एक सेकंद ठेवावा. थ्रॉटल सोडल्यावर पलटण्याचा प्रकार एवढ्यानेच बराच कमी होतो. बोट पळताना तिच्या मागच्या बाजूने पाहू नका, आडवी जाताना पाहा: नाक दोन ते चार अंश वर, मागची फळी कोरडी, आणि तुषार लांबीच्या मध्याच्या मागून निघणारे, असे दिसले की तोल जमला. तुषार अगदी मागून निघत असतील तर बॅटरी एक सेंटिमीटर पुढे घ्यावी. एका वेळी एकच बदल करावा.

राहिला ४एसचा प्रश्न. याच मोटरवर, याच पंख्याला ४एस लावू नये. फेऱ्या २४,००० च्या आसपास जातील, पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाने वाढते म्हणून ती ३४० वॅटवर पोचेल आणि प्रवाह ३५ अँपिअरच्या घरात जाईल. ५० ग्रॅमची ही मोटर तेवढे सोसत नाही, तिचे वाइंडिंग जळते. त्याऐवजी ४एसवर पंखा ५×५ चा केला तर व्यास घटल्याने शक्ती आटोक्यात राहते, प्रवाह २० अँपिअरच्या जवळ येतो, आणि पिच वेग मात्र सेकंदाला ५० मीटरवर जातो. उभ्या जागचा रेटा थोडा कमी होईल, पण आता तोल सुधारलेल्या बोटीला तो पुरतो. हीसुद्धा मोटरची कमाल मर्यादा आहे, तेव्हा वॉटमीटर लावून आधी दहा सेकंदांच्या धावा घ्याव्यात आणि मोटर हाताच्या बोटाला चटका बसेल इतकी तापत असेल तर थांबावे.

पण तेव्हा तळ बदलावा लागेल. सेकंदाला ३० मीटरला, म्हणजे ताशी १०८ किलोमीटरला, हाच सपाट तळ सात-आठ अंशांवर ७.८ न्यूटन उचल देतो, म्हणजे ८०० ग्रॅमच्या बोटीचे पूर्ण वजन. शेपटी आणि निमुळते नाक यांनी ते सांभाळता येत नाही. क्षेत्रफळच निम्मे करावे लागते. त्याचा मार्ग तीन बिंदूंवर धावणारा ढाचा हा आहे: पुढे दोन बाजूंना आडव्या नळ्यांवर दोन अरुंद स्पॉन्सन (पाण्यावर टेकणारे बाजूचे तरंगते भाग), मध्ये ८ सेंटिमीटर रुंदीचा सडपातळ मुख्य भाग, आणि मागे एक लहान स्की. पाण्यातल्या पंख्याच्या हायड्रोप्लेनचे आराखडे इथे जसेच्या तसे उतरवू नयेत. त्यांचा अर्धवट बुडालेला पंखा मागचा भाग स्वतःच उचलून धरतो, म्हणून त्यांना मागे तळ नसला तरी चालतो. हवेचा पंखा तसे काही करत नाही, तेव्हा मागची स्की खरोखर वजन पेलण्याइतकी, ५ गुणिले ८ सेंटिमीटरची तरी हवी. स्पॉन्सनचा तळ तीन ते साडेतीन अंशांवर आणि स्की दोन अंशांवर बसवावी, आणि गुरुत्वमध्य स्पॉन्सनच्या मागच्या कडेच्या मागे, स्पॉन्सन व स्की यांच्यातल्या अंतराच्या एक चतुर्थांशावर ठेवावा.

हवेच्या पंख्याने पाण्यावर मोठा वेग मिळत नाही, हा समज मात्र मनातून काढून टाकावा. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १९०५ मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात विमानाची इंजिने आणि पंखे तपासण्यासाठी हवेच्या पंख्याची बोट बांधली होती. पुढे बेल आणि त्यांचे सहकारी केसी बाल्डविन यांच्या एचडी-४ या हायड्रोफॉइल (पाण्याखालच्या पंखांवर उचलून धावणाऱ्या) बोटीने ९ सप्टेंबर १९१९ रोजी ताशी ११४ किलोमीटरचा तेव्हाचा जागतिक विक्रम केला, तो ३५० अश्वशक्तीच्या दोन लिबर्टी इंजिनांनी हवेतले पंखे फिरवून. नाव्हिगा या मॉडेल बोटींच्या जागतिक संघटनेच्या स्पर्धांत तारेला बांधून वर्तुळात पळवायच्या, २.५ सीसी इंजिनाच्या आणि हवेच्या पंख्याच्या मॉडेलांचा बी१ हा स्वतंत्र वर्गच आहे, आणि ती मॉडेले ताशी २०० किलोमीटरच्या पुढे धावतात. त्यांना दिशा तार देते. आपल्याला ती रडरने द्यावी लागते. म्हणून तीन बिंदूंच्या ढाच्यात रडर आणखी खाली घ्यावा, आणि ज्या बाजूला नेहमी वळायचे त्या बाजूच्या स्पॉन्सनला २ मिलिमीटर अॅल्युमिनियमची, २५ मिलिमीटर खोल उभी फिन लावून सगळी वळणे त्याच बाजूला घ्यावीत.